कोर्ट उठेपर्यंत

आमच्या घरात शिक्षा झालेला एकच माणूस आहे, आणि तो माझा नवरा आहे. गुन्हा: घरमालकाच्या फाटकासमोर स्कूटर लावणे. शिक्षा: कोर्ट उठेपर्यंत कैद. मुलीच्या लग्नाचं बोलणं निघालं की पाहुण्यांना हे आधीच सांगून टाकावं, असं माझं मत आहे. मुलीचं मत असं की मी पाहुण्यांसमोर पोहे ठेवावेत आणि आत जावं.

ही गोष्ट मी घरी सुरू केली की मुलगी कानांत मोबाइलच्या गोळ्या घालते आणि नवरा भाजी आणायला निघतो, फ्रिजमध्ये भाजी असली तरी. म्हणून आता लिहून काढते आहे. कागद उठून जात नाही.

घरमालक निवृत्त मॅजिस्ट्रेट होते. नागपुरात धंतोलीच्या मागच्या एका गल्लीत खाली ते आणि काकू, वर आम्ही. त्यांना सगळी गल्ली साहेब म्हणायची. काकूही साहेबच म्हणत, पण त्यांच्या तोंडून तो शब्द गॅस सिलिंडरवाल्याला हाक मारल्यासारखा ऐकू येई. साहेब मला 'वरच्या बाई' म्हणत आणि ह्यांना नुसतं 'वरचे'. आमची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत. भाडेकराराच्या वेळी वाचली असतील तेवढीच.

सकाळी अकराला साहेब पोर्चमध्ये येऊन वेताच्या खुर्चीवर बसत. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला, पेल्यावर बशी. समोर एक लांब लाकडी बाक. कुठल्या तरी जुन्या कचेरीचं सामान विकायला निघालं तेव्हा त्यांनी तो हौसेने आणला होता. कोणी सोफ्याचं सुचवलं तर म्हणत, "सोफ्यावर माणूस खोटं बोलतो." दुपारी आतून काकूंनी "जेवण" म्हटलं की मधली सुटी. मग पुन्हा खुर्ची. संध्याकाळी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून ते उभे राहिले की कोर्ट उठलं. निवृत्तीला बरीच वर्षं झाली होती, पण त्या खुर्चीला कोणी तसं कळवलेलं नव्हतं.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ह्यांची केस झाली.

"ही स्कूटर तुमची?"

"हो."

"इथे तुम्हीच लावली?"

"हो, जरा घाईत होतो म्हणून..."

"गुन्हा कबूल?"

ह्यांना वाटलं, म्हातारा गमतीचा दिसतो. हसत म्हणाले, "कबूल."

"पहिलाच गुन्हा. आरोपीने स्वतःहून कबुली दिली. कोर्ट दया दाखवतं. कोर्ट उठेपर्यंत कैद. बसा."

हे बसले. माझा नवरा हा असाच माणूस आहे. एकाच एजंटकडून एकच पॉलिसी त्याने दोनदा घेतली आहे, त्या एजंटला वाईट वाटू नये म्हणून. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर हे बाकावर, मांडीवर ऑफिसची बॅग.

"अहो, ऑफिस नाही का?"

ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "शिक्षा झाली आहे."

संध्याकाळी साहेब उठले तेव्हा हे सुटले. काकूंनी मधल्या सुटीत ह्यांना भाकरी आणि झुणका दिला होता, त्यामुळे वर येऊन ह्यांनी माझ्या स्वयंपाकात काय कमी आहे तेही सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शेजारच्या हाडांच्या डॉक्टरांची मोठी गाडी त्याच फाटकासमोर उभी राहिली. साहेबांनी निरोप धाडला. डॉक्टर आले, बसले नाहीत.

"गाडी माझी आहे, साहेब. पण मी लावलेली नाही. ड्रायव्हरने लावली असेल."

"गुन्हा कबूल नाही?"

"अजिबात नाही."

"पुढची पेशी बुधवारी."

बुधवारच्या तारखेला डॉक्टरांकडे एक ऑपरेशन होतं. पुढच्या पेशीला ते परिषदेला गेले होते. त्याच्या पुढच्या पेशीला ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. दूधवाला साक्षीदार होता. तो म्हणाला, "मले काई दिसलं नाई, साहेब. म्या दूध मोजून राह्यलो होतो." डॉक्टर निर्दोष सुटले, आणि त्या संध्याकाळी निर्दोष माणसासारखी फाटकासमोर गाडी लावून आत गेले.

मी खाली उतरले. मी एका दवाखान्याच्या रिसेप्शनवर काम करते. सबंध विदर्भातून आलेल्या माणसांना दिवसभर हे दार, ते दार, ही खिडकी, आधी रक्त, मग फोटो, असं सांगत बसते. त्यामुळे जगात कोणी चुकीच्या दारात उभं दिसलं की मला राहवत नाही.

"साहेब, हा कुठला न्याय?"

"डॉक्टरांनी कबूल केलं नाही, वरच्या बाई."

"पण गाडी तर त्यांचीच होती!"

"त्यांनी लावली हे सिद्ध झालं नाही."

"आणि आमच्या ह्यांचं सिद्ध झालं?"

"त्यांचं सिद्ध करावं लागलं नाही."

इथवर मी गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण साहेब संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्यांना तिळगुळाला बोलवत आणि नव्या माणसांची ओळख स्वतः करून देत. पोर्च भरलेला होता. साहेबांनी ह्यांच्याकडे हात केला. "हे वरचे. शिक्षा झालेले आहेत." मग डॉक्टरांकडे हात केला. "हे डॉक्टर. निर्दोष." आवाजात ना गंमत, ना राग. रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसा आवाज. एका बाईने तिळगुळाची वाटी ह्यांच्यापासून थोडी लांब धरली, ती मला अजून आठवते. पुढल्या संक्रांतीलाही तीच ओळख, त्याच्या पुढल्याही. मी एकदा म्हटलं, आता तरी सोडा. साहेब म्हणाले, "शिक्षा लहान असते, बाई. शिक्षा झाली ही गोष्ट लहान नसते."

त्या वेळी मला ते नुसतं बोलणं वाटलं. साहेब अशी वाक्यं बोलत, आणि काकू आतून म्हणत, "साहेब, दूध उतू गेलं, ते कोणी कबूल करतं का बघा."

काकू म्हणजे वरचं कोर्ट. साहेबांनी मोलकरणीला बाकावर बसवलं की काकू बाहेर येऊन म्हणत, "ऊठ गं, भांडी पडली आहेत," आणि शिक्षा रद्द होई. साहेब खुर्चीतून नुसती मान हलवत. वरच्या कोर्टाबद्दल त्यांनी कधी वाईट बोललेलं मी ऐकलं नाही.

पाऊस नसला आणि पोर्चवर कोणी आरोपी नसला, की ते मला नोकरीतलं सांगत. पहिली बरीच वर्षं तालुक्यांत गेली, सावनेरच्याही पुढे. नंतरची नागपुरात. "तालुक्याला मी दयाळू म्हणून प्रसिद्ध होतो," ते म्हणत. "आणि नागपुरात कडक म्हणून. आता गंमत बघा. तालुक्यात माझ्यापुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला शिक्षा झाली. नागपुरात जवळजवळ कोणालाच नाही."

"म्हणजे नागपूरकर सज्जन?"

"नागपूरकरांकडे वकील. आणि वेळ. तालुक्याला पोळ्याला पत्ते खेळताना चौकडी पकडून आणायचे. सकाळी आणलं, विचारलं, खेळत होता का? हौ साहेब, खेळत होतो. झालं. थोडा दंड, कोर्ट उठेपर्यंत कैद. नागपुरात एका क्लबातले पत्तेवाले आणले. तेही पोळ्याचेच. ते म्हणाले आम्ही पत्ते खेळतच नव्हतो, टेबल पुसत होतो. वर्षं गेली. पंच फिरले. सोडावे लागले. पत्ते दोन्हीकडे बावन्नच होते, बाई. जजसुद्धा तोच होता."

आणि मग नेहमीचं शेवटचं वाक्य: "पण एक गोष्ट मी पाळली. शेवटची गाडी सुटायच्या आधी कोर्ट उठवलं. माझ्या कोर्टातून कोणी पायी घरी गेला नाही." हे सांगताना ते पेल्यावरची बशी उचलून पाणी पीत. त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो ह्या गाडीचा.

तर ह्या अशा पोर्चमध्ये एके दुपारी मी माझ्या भाच्याची बातमी घेऊन गेले.

माझा भाऊ गावी शेती करतो. साहेब पूर्वी जिथे होते त्याच तालुक्यात आमचं गाव. त्याचा मुलगा पंकज वनरक्षकाच्या परीक्षेत पास झाला होता. धावण्यात पहिला, लेखीत वरचा. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला तो पहिलाच, आणि मी दवाखान्यातल्या वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना पेढे दिले होते. फक्त एक अडचण होती. पोळ्याला गावात तोरणाखालून पहिली बैलजोडी कोणाची जायची, ह्यावरून तंटा झाला. पंकज जोड्या रांगेत लावत होता. शेषराव नावाचा म्हातारा आपली जोडी पुढे काढायला लागला. पंकजने त्याला मागे ढकललं, तो पडला, कपाळाला लागलं, आणि त्याने ठाण्यात जाऊन रिपोर्ट दिला. केस उभी राहिली. पेशी होती दुसऱ्या दिवशी. भावाचा फोन आला होता.

"ताई, वकील म्हणते कबूल करून टाका. कोर्ट उठेलोक बसा लागन, थोडासाक दंड, अन् एका दिवसात मोकळे. लढाचं म्हनलं तं दर पेशीले दिवस जाते. इकडं कापूस वेचाले मानसं भेटून नाई राह्यले."

मी म्हटलं होतं, मग काय, कबूल करा. मोकळे व्हा.

हे सगळं मी साहेबांना आनंदाने सांगितलं. वर असंही म्हटलं, "तुमच्यासारखेच दयाळू साहेब आहेत म्हणे आता तिथे."

साहेबांनी पेल्यावरची बशी उचलली आणि पाणी न पिता परत ठेवली.

"नोकरीची ऑर्डर आली?"

"पोलिसांची चौकशी झाली की येणार. म्हणून तर केस लवकर मिटवतोय."

"चौकशीत काय विचारतात?"

"केस चालू आहे का."

"आणि शिक्षा झाली आहे का."

"पण ही काय शिक्षा आहे, साहेब? नुसतं बसायचं तर असतं."

"वरचे नुसते बसले होते," साहेब म्हणाले. "संक्रांतीला मी त्यांची ओळख काय म्हणून करून देतो?"

मी गप्प झाले. हे इतकं क्वचित घडतं की काकू आतून बघायला आल्या. साहेबांनी दोन्ही हात दांड्यांवर रेटले आणि उभे राहिले. भर दुपारी. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मी काय केलं आहे अशा नजरेने.

"उद्या मीही येतो," साहेब म्हणाले.

सकाळच्या एस.टी.त साहेब माझ्या शेजारी बसले. गुडघ्यांना पट्टे, हातात काठी, पिशवीत काकूंनी दिलेला डबा. निर्दोष डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवलं होतं की जमिनीवर बसायचं नाही, काही झालं तरी नाही. सावनेर गेलं तरी साहेब एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र बोलत होते, कारण मला काळजी वाटली की मी बोलते. शेवटी ते म्हणाले, "बाई, साक्षीदाराने विचारल्याशिवाय बोलू नये."

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली भाऊ, पंकज आणि वकील उभे होते. वकील तरुण होता, हातात हेल्मेट. साहेबांना त्याने ओळखलं नाही, पण काठी बघून आणि आवाज ऐकून सरळ उभा राहिला. साहेबांनी पंकजला बाजूला घेतलं.

"आत गेल्यावर गुन्हा कबूल आहे म्हणू नकोस."

पंकज त्यांच्याकडे बघत राहिला. धावण्यात पहिला आलेला पोरगा, पण बोलायला वेळ लावतो. "पण साहेब, म्या ढकललं न जी त्याईले. साऱ्या गावानं पायलं. खोटं कसं बोलू?"

साहेब वकिलाला म्हणाले, "हीच अडचण आहे इथली. इथला माणूस कोर्टाला खरं सांगायची जागा समजतो." आणि पंकजला म्हणाले, "खोटं बोलू नको. तू काहीच बोलू नको. वकील पुढची तारीख मागतील. फिर्यादीशी तडजोड झाली आणि कोर्टाने ती मान्य केली, तर तू सुटशील, खोटं न बोलता. शेषराव आले आहेत का?"

शेषराव आलेले नव्हते. वकिलाने तारीख मागितली, मिळाली. भाऊ कापसाच्या नावाने तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाला. आणि आम्ही ऑटो करून गावात शेषरावच्या घरी गेलो.

शेषरावचं घर गावाच्या कडेला, मागे संत्र्याची बाग. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकून म्हातारा बसला होता. कपाळावर टाक्यांची खूण. पंकजला बघून त्याने तोंड फिरवलं, मला बघून "या माय" म्हणाला, आणि साहेबांकडे बराच वेळ बघत राहिला.

"तुमी तं ते जज," तो म्हणाला.

"हो," साहेब म्हणाले.

"वळखलं काय मले?"

"नाही."

"कसं वळखान? पत्त्याच्या केशीत आनलं होतं आमाले. पोळ्याच्या. तुमी इचारलं, खेळत होता काय? म्या म्हनलं, हौ. तुमी म्हनले, बसा." शेषराव खाटेवर सरळ झाला. "माहा बाप गावचा पोलीस पाटील होता. तो वारल्यावर म्या अर्ज केला. वरून उत्तर आलं, अर्जदाराले शिक्षा झाली हाये. पाटीलकी गेली दुसऱ्या घरी. पोळ्याले पह्यली जोडी पाटलाची राह्यते, ते बी गेली. म्या तरी दरसाल जोडी घेऊन जातो. अन् हे पोट्टं मले म्हनते," त्याने पंकजकडे न बघता बोट केलं, "म्हनते, तुमचा मान आता कुठं हाये?"

पंकज खाली बघत होता. ढकलल्याचं त्याने आम्हाला सांगितलं होतं. हे वाक्य सांगितलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "मी दया केली असं मला वाटत होतं. बोर्डावर केसेस खूप असायच्या. कबूल केलं की लवकर घरी जाता येतं, असं..." आणि मग नेहमीचं वाक्य अगदी सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. "निदान शेवटची गाडी कधी कोणाची चुकू दिली नाही."

"कोनती गाडी?" शेषराव म्हणाला. "ते तं नागपूरची. त्या गाडीनं तुमी जात होते. आमच्या फाट्याची गाडी त्याच्या पह्यलेच जाते. त्या दिवशी पायदल आलो, साहेब. घरी सारे जेवून झोपले होते."

मला काही तरी बोलावंसं वाटत होतं, पण कुठलं दार दाखवावं ते कळेना.

भाऊच शेवटी म्हणाला, "शेषरावभाऊ, पोराची नोकरी हाये. तडजोडीची सही द्या. तुमाले काय पाह्यजे ते बोला."

शेषरावने भावाकडे बघितलंही नाही. साहेबांना विचारलं, "पोरानं मले पाडलं, तं त्याले सोडा म्हनता. अन् तुमचं? तुमचा गुन्हा कबूल हाये काय?"

सकाळीच कोर्टाच्या आवारात ज्या माणसाने कबूल म्हणू नको असं बजावलं होतं, तो म्हणाला, "कबूल."

"मंग बसा," शेषराव म्हणाला. "तिथं खाली. दरवाज्यापाशी. म्या उठीन तवा उठा."

"अहो, त्यांचे गुडघे..." मी सुरू केलं.

"कोर्टात बोलू नका, बाई," शेषराव म्हणाला. हे मी आधी कुठे तरी ऐकलं होतं.

साहेबांनी काठी भिंतीला लावली, एक हात चौकटीवर ठेवला, आणि हळूहळू, एक एक सांधा विचारून घ्यावा तसे, जमिनीवर बसले. शेषराव समोर खाटेवर. मी एका पोत्यावर. मला शिक्षा कशाची झाली ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही. भाऊ अंगणात बिडी ओढत फेऱ्या मारत होता. पंकज उभाच होता.

बैल शेपट्या हलवत होते. शेषरावची बायको चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"आरोपीले चहा देत होते काय तुमी?" शेषरावने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले.

"घेऊन जाय वं."

"अवो, म्हातारं मानूस हाये. पानी तरी पिऊ द्या."

"तू घरात जाय. कोर्ट चालू हाये."

ती गेली, पण पाण्याचा तांब्या साहेबांजवळ ठेवून गेली. तांब्यावर फुलपात्र पालथं होतं. साहेबांनी ते उचललं, थोडं पाणी प्यायले आणि परत तसंच झाकून ठेवलं. शेषराव ते बघत होता. त्याने हरकत घेतली नाही.

ऊन अंगणातून गोठ्यावर गेलं. मध्येच पंकज पुढे आला, बोलायला नेहमीसारखा वेळ लावला, आणि शेषरावच्या पायाजवळ बसून म्हणाला, "काका, ढकललं ते तं चुकलंच. पन ते बोललो, ते जास्त चुकलं." शेषरावने पाय मागे घेतला नाही.

साहेबांचा डबा पिशवीत तसाच राहिला. त्यांनी मान भिंतीला टेकवली होती. मला भीती वाटायला लागली, काकूंना मी काय सांगू? साहेब, दूध उतू गेलं, असं म्हणणारं इथे कोणी नव्हतं.

मग शेषराव उठला. अचानक, भाकरी संपवून उठावं तसा. रस्त्याकडे हात डोळ्यांवर धरून बघितलं.

"उठा, साहेब," तो म्हणाला. "आमच्या फाट्याची गाडी येतच असन आता. चुकन."

साहेबांना उठता येईना. पाय सुन्न झाले होते. एका बाजूने पंकजने हात घातला, दुसऱ्या बाजूने शेषरावने. दोघांनी त्यांना उचलून उभं केलं, आणि पाय आपले होईपर्यंत तसंच धरून ठेवलं. ते दोघे एकमेकांच्या इतक्या जवळ पोळ्यानंतर पहिल्यांदाच आले असतील.

"पेशीले येतो म्या," शेषराव पंकजला म्हणाला. "सही करीन. नोकरीवर जाय. पुढच्या पोळ्याले सुटी काढून ये, अन् जोड्या लावशीन तवा माही जोडी कुठं लावतं ते पाह्यतो."

"पुढं लावतो, काका."

"पाटलाच्या पुढं?"

पंकजने नेहमीसारखा वेळ घेतला. "पाटलाले म्या सांगतो."

गाडीत साहेब खिडकीशी बसले आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबत राहिले. सावनेर यायच्या आधी माझ्याने राहवलं नाही.

"साहेब, पंकजला म्हणालात कबूल म्हणू नको. आणि स्वतः?"

"मला कुठे आता नोकरी लागायची आहे, बाई," साहेब म्हणाले, आणि डबा उघडून अर्धी भाकरी मला दिली.

पुढच्या पेशीला शेषराव आला, तडजोड झाली, पंकज सुटला. आता तो वनरक्षक आहे, खाकी गणवेशाचे फोटो पाठवतो. पोळ्याला सुटी काढतो. तोरणाखाली काय होतं ते भाऊ फोनवर नीट सांगत नाही. म्हणतो, "दोनी जोड्या संगंच घातल्या, ताई. तोरन रुंद केलं." साहेबांनी मात्र पोर्चमधला कारभार बंद केला नाही. अकराला खुर्ची, पेल्यावर बशी. फक्त आरोपीला कबूल आहे का विचारण्याआधी ते आता विचारत, "तुमची गाडी किती वाजता आहे?" दूधवाला सायकलवर यायचा. तो गोंधळायचा.

त्या वर्षीच्या संक्रांतीला पोर्च पुन्हा भरला. गल्लीत नवे लोक आले होते. मी ह्यांना सांगून ठेवलं होतं की ह्या वेळी तरी वर थांबा. हे आले. तिळगुळ आवडतो ह्यांना.

साहेबांनी ह्यांच्याकडे हात केला. "हे वरचे. शिक्षा झालेले आहेत." डॉक्टरांकडे हात केला. "हे डॉक्टर. निर्दोष."

मग दोन्ही हात दांड्यांवर रेटून ते उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, कोर्ट उठलं. काही जण निघायला लागले. साहेब काठी टेकत, हे बसले होते त्या समोरच्या बाकापाशी आले.

"आणि मी ह्यांच्यातला," ते म्हणाले.

ह्यांनी तिळगुळाची वाटी मांडीवर घेतली आणि सरकून जागा दिली.